प्रत, पत्ता आणि कर्ता : अनधिकृत प्रतींच्या निवारणाचा इतिहास

१

‘वाङ्मयचौर्य’ या संकल्पनेचा मराठी समीक्षेने पुष्कळ विचार केला आहे. कोणत्या नाटकाचे मूळ कोणत्या इंग्रजी नाटकात आहे, कोणत्या कथेवर कोणाची छाया आहे, रूपांतर कोठे संपते आणि चौर्य कोठे सुरू होते, या वादांनी आपल्या नियतकालिकांची कितीतरी पृष्ठे भरली आहेत. ज्याला आज सर्रास ‘पायरसी’ म्हटले जाते, त्या व्यवहाराकडे मात्र समीक्षा फारशी फिरकली नाही. तो प्रकाशकांच्या तक्रारीचा, फार तर वकिलांच्या कामाचा विषय मानला गेला. याचे कारण उघड आहे. वाङ्मयचौर्यात संहिता आणि कर्ता यांच्या संबंधालाच धक्का लागतो, आणि हा संबंध म्हणजे समीक्षेचे घरचे क्षेत्र. पायरसीत संहिता जशीच्या तशी राहते आणि कर्त्याचे नावही राहते. किंबहुना ते राहावेच लागते, कारण अनधिकृत प्रत ज्या बळावर पसरते ते बळ कर्त्याच्या नावाचेच असते. तुटतो तो कर्ता आणि प्रत यांच्यातील संबंध. प्रत ही संहितेची निव्वळ वाहक, असे गृहीत धरणाऱ्या समीक्षेला त्यात विचार करण्यासारखे काही दिसले नाही.

अनधिकृत प्रतीचे करायचे काय, या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांनी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि प्रत्येक उत्तरात त्या काळाची कर्त्याविषयीची कल्पना दडलेली आहे, असे मला वाटते. आज संगणकजालावर जे उत्तर रूढ झाले आहे, म्हणजे नोटीस द्यावी आणि मजकूर काढून टाकवावा, त्यातील कर्ता हा मालक कमी आणि पहारेकरी अधिक आहे. हा बदल कसा घडला, ते पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ मराठीतूनच करता येतो. तुकोबांच्या अभंगांत सालोमालो नावाने येणाऱ्या हरिदासांविषयीची तक्रार अभ्यासकांच्या परिचयाची आहे. दुसऱ्याचे कवित्व आपले म्हणून सांगणे आणि तसे करताना त्याचा नासही करणे, असा तो दुहेरी आरोप आहे. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, अभंग लोक गातात, उतरून घेतात, गावोगाव नेतात, याविषयी तुकोबांची काहीच तक्रार नाही. तशी ती असणे शक्यही नव्हते, कारण अभंगाचे अस्तित्वच त्या पसरण्यात होते. आक्षेप मुद्रिका बदलण्याला आणि शब्द बिघडवण्याला आहे. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या एकनाथांनी शेवटी जी ताकीद दिली आहे, तीही पाठात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला आहे, प्रत उतरवून घेणाऱ्याला नाही. हस्तलिखितांच्या जगात प्रत करणे हे पुण्यकर्म होते. पाप होते ते प्रक्षेपात.

या जगात ‘काढून टाकणे’ कसे होते, याचीही एक कथा परंपरेने जपली आहे. तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या तरंगून वर आल्या असे भाविक सांगतात. लोकांच्या मुखी असलेले अभंग पुन्हा लिहिले गेले असे चिकित्सक म्हणतात. दोन्ही वाचनांचा अर्थ एका बाबतीत सारखाच आहे. एका ठिकाणची प्रत नष्ट केल्याने जे जनांत पसरले आहे ते नाहीसे होत नाही. पुढे ज्या व्यवस्थेचे वर्णन करावयाचे आहे तिचा सारा खटाटोप या अनुभवाच्या उलट दिशेने चालला आहे, म्हणून ही कथा येथे आठवावीशी वाटली.

अर्थात नाममुद्रा ही कच्ची सही होती. ‘नामा’ या एका मुद्रेखाली नामदेवांबरोबर विष्णुदास नामा आणि इतर नामे एकत्र आले आणि ते वेगळे करता करता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. आजही सालोमालोंचा वंश खुंटलेला नाही, फक्त त्यांची चाल उलटी झाली आहे. मोबाइलवरून फिरणाऱ्या कितीतरी निनावी मजकुरांखाली पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांची नावे घातलेली असतात. दुसऱ्याचे आपले म्हणण्याऐवजी आपले दुसऱ्याच्या नावावर खपवले जाते. यावर कायद्यात थेट इलाज नाही, आणि ज्यांना त्याची खंत वाटावी ते दोघेही हयात नाहीत.

२

मुद्रणाने प्रत ही विक्रीची वस्तू झाली आणि प्रतीचे करायचे काय हा प्रश्न न्यायालयात गेला. इंग्लंडमध्ये १७१० साली अमलात आलेल्या, राणी ॲनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने ग्रंथकर्त्याला चौदा वर्षांचा आणि तो हयात असल्यास आणखी चौदा वर्षांचा अधिकार दिला. साहित्येतिहासात या कायद्याचा उल्लेख होतो तो कर्त्याच्या ‘जन्मा’च्या संदर्भात. त्यातील शिक्षेचे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. अनधिकृत छापलेली पुस्तके हक्कदाराच्या स्वाधीन करावीत आणि त्याने ती ताबडतोब खराब करून त्यांची रद्दी करावी, असे ते सांगते. शिवाय प्रत्येक फर्म्याच्या कागदामागे एक पेनी दंड, त्यातला अर्धा राजसत्तेला आणि अर्धा दावा लावणाऱ्याला. म्हणजे प्रतीचे निवारण हे शब्दशः प्रतीचे निवारण होते. प्रत मोजता येत होती, गाडीत घालून नेता येत होती, रद्दी करता येत होती. छापखान्याच्या कोठीत सापडलेली चोरटी आवृत्ती नष्ट झाली की प्रकरण मिटत असे.

हे शक्य झाले कारण छापील प्रतीला पत्ता होता. या दृष्टीने आपल्याकडचा १८६७ चा पंचविसावा कायदा फार बोलका आहे. १८४७ च्या विसाव्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात ग्रंथकर्त्याचा हक्क आधीच मान्य केला होता. त्याची मुदत कर्त्याची हयात व त्यानंतर सात वर्षे, किंवा एकूण बेचाळीस वर्षे, यांपैकी जी अधिक ती. १८६७ च्या कायद्याचा हेतू निराळा होता. १८५७ नंतरच्या सरकारला देशी भाषांत काय छापले जात आहे ते कळायला हवे होते. म्हणून प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ छापणे सक्तीचे झाले, प्रती सरकारजमा करणे आवश्यक ठरले, आणि दर तिमाहीस प्रांतिक गॅझेटात नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या. या नोंदींत पुस्तकाचे नाव, भाषा, पृष्ठे, किंमत आणि आवृत्तीतील प्रतींची संख्या असे, तसेच प्रताधिकार कोणाकडे आहे त्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाणही असे. पाळत ठेवण्यासाठी केलेल्या या नोंदी आज एकोणिसाव्या शतकाच्या वाङ्मयेतिहासाचे महत्त्वाचे साधन झाल्या आहेत.

मिशेल फूको यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात म्हटले होते की, संहितांना कर्ते मिळू लागले ते कर्त्यांना शिक्षा करता येऊ लागली तेव्हा. हे विधान युरोपाच्या इतिहासातून आलेले असले, तरी आपल्या १८६७ च्या कायद्याला जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. ज्या पत्त्यावर राजद्रोहाचे वॉरंट पोहोचू शकत होते, त्याच पत्त्यावर चोरट्या आवृत्तीची फिर्यादही पोहोचत होती. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे राखून ठेवल्याचे जे वाक्य आढळते, त्याच्या शेजारी छापखान्याचा पत्ता असतोच असतो. एक ओळ दुसरीच्या आधाराने उभी आहे.

त्यानंतरच्या टप्प्यांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्याची आवृत्ती होता. १९५७ च्या कायद्याने कर्त्याला सत्तावन्नाव्या कलमात नाव आणि संहितेची अखंडता यांविषयीचे विशेष हक्क दिले. हे कलम म्हणजे सालोमालोंवरील फिर्यादीचे कायदेशीर रूप म्हणता येईल. ध्वनिफिती आणि चित्रफितींनी गल्लोगल्ली नकला होऊ लागल्यावर १९८४ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवल्या. तोपर्यंतही पोलीस दुकानावर छापा घालू शकत होते, कारण दुकानाला पत्ता होता.

३

१९९९ च्या जून महिन्यात ‘नॅप्स्टर’ सुरू झाले आणि दोन वर्षांत, जुलै २००१ मध्ये, न्यायालयीन लढ्यामुळे बंद पडले. पण निर्णायक घटना त्याआधीची आहे. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी अमेरिकेत संगणकीय सहस्रकाच्या नावाने ओळखला जाणारा प्रताधिकार कायदा झाला आणि त्याच्या ५१२ व्या कलमाने एक तडजोड घडवून आणली. दूरसंचार कंपन्या आणि संकेतस्थळे चालवणारे यांनी आपल्या सर्व्हरवर लोक काय ठेवतात ते तपासत बसू नये. मात्र हक्कदाराने रीतसर नोटीस दिली की तो मजकूर त्वरेने हटवावा. ज्याचा मजकूर हटवला त्याने प्रतिनोटीस दिली आणि हक्कदाराने दावा लावला नाही, तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत ठेवावा. इतके केले की मध्यस्थ निर्दोष.

ही तडजोड जगभर आदर्श ठरली. आज एखादा मराठी लेखक आपल्या पुस्तकाची चोरटी प्रत अमेरिकी कंपनीच्या शोधयंत्रातून काढून टाकण्यासाठी अर्ज भरतो तेव्हा तो याच कलमाच्या भाषेत लिहीत असतो. ही भाषा काय मागते ते पाहण्यासारखे आहे. कृतीचे वर्णन, अनधिकृत प्रतीचा नेमका पत्ता, आपण सद्भावनेने लिहीत आहोत असे निवेदन, आपण हक्कदार आहोत किंवा त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे शपथेवरचे विधान, आणि सही. प्रतीची संख्या विचारली जात नाही. ती विचारण्यात अर्थही नाही, कारण उघडणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रावर प्रत तयार होतच असते. १७१० च्या कायद्यात मोजायची वस्तू प्रत होती, आज ती पत्ता आहे. एकाच संकेतस्थळावर एकच फाइल पन्नास पत्त्यांवर असेल, तर पन्नास पत्ते द्यावे लागतात. फाइल दुसऱ्या दिवशी एक्कावन्नाव्या पत्त्यावर गेली, तर नवी नोटीस.

प्रत पसरते कशी, हेही थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण निवारणाची अडचण त्या रीतीतच आहे. आरंभ बहुधा एका वैध खरेदीने होतो. कोणी ई-पुस्तक विकत घेतो आणि त्याचे कुलूप काढतो, कोणी छापील पुस्तक मोबाइलच्या कॅमेऱ्याने पानापानाने टिपतो, कोणी सशुल्क व्याख्यानमालेचे दृश्य पडद्यावरून ध्वनीसह मुद्रित करून घेतो. मग ती फाइल एखाद्या साठवणस्थळी चढते. पण लोक तेथे थेट येत नाहीत. ते येतात दुव्याच्या मागाने, आणि दुवा असतो दुसरीकडे, एखाद्या अनुदिनीवर किंवा टेलिग्रामच्या चॅनलवर. साठवण, दुवा आणि वाचक अशी तीन घरे वेगळी असल्याने एकाला नोटीस दिली तर उरलेली दोन शाबूत राहतात. २०१३ साली निघालेल्या टेलिग्रामने तर ही तिन्ही घरे एका छपराखाली आणली. दोन गिगाबाइटपर्यंतची फाइल, दोन लाखांपर्यंत सदस्यांचे गट आणि सदस्यसंख्येची मर्यादाच नसलेली चॅनले. एक चॅनल बंद झाले की त्याच नावापुढे आकडा लावून दुसरे सुरू होते, आणि जुन्या सदस्यांना नव्याचा पत्ता आधीच सांगून ठेवलेला असतो.

चलच्चित्र आणि संगीत यांच्यासाठी एक यांत्रिक उपाय निघाला. यूट्यूबने २००७ पासून आणलेली ओळखयंत्रणा मूळ कृतीचा जणू अंगठ्याचा ठसा घेते आणि नवे चित्रण चढताच ठसे ताडून पाहते. पण ती सर्वांना खुली नाही. मोठा संग्रह असलेल्या हक्कदारांसाठीच ती आहे. एकट्यादुकट्याने अर्ज भरावा. आणि यंत्राला ठसा कळतो, प्रयोजन कळत नाही. २००७ मध्ये एका अमेरिकी मातेने आपल्या तान्ह्या मुलाच्या नाचाचे एकोणतीस सेकंदांचे चित्रण चढवले. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे वाजत होते, म्हणून संगीत कंपनीने नोटीस पाठवून ते काढून टाकायला लावले. नोटीस देण्यापूर्वी न्याय्य वापराचा विचार केला पाहिजे, हे तेथील अपील न्यायालयाने सांगितले ते २०१५ साली. मूल तोवर शाळेत जाऊ लागले होते.

मराठी मजकुराची अडचण आणखी एक आहे आणि ती निव्वळ लिपीची आहे. मराठी पुस्तकांच्या चोरट्या प्रती बहुतेक पानांची छायाचित्रे असतात. त्यांत अक्षरे नसतात, अक्षरांची चित्रे असतात. फाइलचे नाव रोमन लिपीत आणि ज्याने चढवली त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे. त्यामुळे देवनागरीत आपल्या पुस्तकाचे नाव घालून शोधणाऱ्या लेखकाला काही सापडत नाही, आणि सापडले नाही म्हणून तो निर्धास्त राहतो. ज्या यंत्रणेने पत्ता शोधण्याचे ओझे कर्त्यावर टाकले, तिने सर्व भाषांतील कर्त्यांवर ते सारखे टाकलेले नाही.

४

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने ही व्यवस्था आली. त्या वर्षीच्या २१ जूनपासून अमलात आलेल्या बावन्नाव्या कलमाच्या एका पोटकलमानुसार हक्कदाराची लेखी तक्रार मिळताच मध्यस्थाने त्या मजकुराची वाट एकवीस दिवस अडवावी. तेवढ्या अवधीत सक्षम न्यायालयाचा आदेश आला नाही, तर त्याला ती पुन्हा मोकळी करता येते. २०१३ च्या नियमांतील पंचाहत्तराव्या नियमाने अडवण्याला छत्तीस तासांची मुदत घातली. आणि तक्रारदाराकडून एक हमी घेतली. ती म्हणजे एकवीस दिवसांत आपण न्यायालयात दावा दाखल करू.

ही हमी वाचताना मराठी पुस्तकव्यवहार जाणणाऱ्याला हसू आवरणे कठीण जावे. ज्या भाषेत कथा-कविता-समीक्षेच्या पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींच्या आतबाहेर निघते, त्या भाषेतल्या कवीने एका फाइलीपायी जिल्हा न्यायालयात दावा लावावा, अशी अपेक्षा आहे. वकिलाची पहिली फीच त्याच्या आयुष्यभराच्या मानधनापेक्षा जास्त भरेल. तेव्हा व्यवहारात घडते ते असे. अर्ज कोरडेपणाने अमेरिकी कलमाखाली भरला जातो आणि देशी कलम, ज्याने आपल्या लेखकाचे रक्षण करायचे, ते चित्रपट आणि संगीत कंपन्यांच्या उपयोगी पडते.

त्यांच्याकडे वकील आहेत. म्हणूनच या काळातील कायद्याचा इतिहास त्यांच्या दाव्यांतून लिहिला गेला. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आदेश देण्याची इंग्रजी-अमेरिकी प्रथा दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये विश्वचषक फुटबॉलच्या प्रक्षेपणाबाबत स्वीकारली. तिकडच्या ‘जॉन डो’चे नाव येथे पुढे ‘अशोक कुमार’ झाले. निनावी चोराला नाव द्यायचेच, मग ते देशी असावे, या विचारात कोठेतरी वाङ्मयीन वृत्ती आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. कर्ता मेला असे साहित्यसिद्धान्ताने १९६७-६८ मध्ये जाहीर केले. कायद्याने कर्ता जिवंत ठेवला आणि त्याच्या प्रतिपक्षी एक कल्पित पात्र उभे केले.

टी-सिरीज आणि मायस्पेस यांच्या वादात २०११ चा एकल न्यायमूर्तींचा निर्णय मध्यस्थाविरुद्ध गेला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने तो फिरवला आणि नुसती आपल्या गाण्यांची यादी देणे पुरेसे नाही, नेमके पत्ते द्या, असे सांगितले. पहारा कर्त्याचा, हे तत्त्व यातून पक्के झाले. १० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची धार थोडी कमी केली. एका संकेतस्थळावर बंदी आली की त्याचीच प्रतिबिंबे दुसऱ्या पत्त्यांवर उभी राहतात, म्हणून प्रत्येक वेळी नवा दावा न लावता जुन्याच आदेशात नवे पत्ते जोडता यावेत, अशी सोय त्या निर्णयाने केली. निकालपत्राने अशा स्थळांना ग्रीक पुराणातल्या बहुमुखी सर्पाची उपमा दिली. मराठी वाचकाला रक्तबीज आठवेल, आणि तो अधिक समर्पकही आहे. सर्पाचे डोके तोडल्या जागीच उगवते, रक्तबीज थेंब पडेल तेथे उगवतो.

लहान कर्त्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय ३० ऑगस्ट २०२२ चा आहे, आणि तो कोणा चित्रपटसंस्थेने मिळवलेला नाही. स्पर्धा परीक्षांसाठी पुस्तके लिहिणाऱ्या आणि व्याख्याने देणाऱ्या एका शिक्षिकेने तो मिळवला. तिची पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामच्या चॅनलांवर फिरत होती. तिने दाखवलेली चॅनले काढली जात होती आणि नवी उगवत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ही चॅनले चालवणाऱ्यांचे मोबाइल क्रमांक, यंत्रपत्ते आणि ईमेल उघड करण्याचा आदेश दिला. आपले सर्व्हर सिंगापूरला आहेत आणि तेथील कायदा माहिती देण्याच्या आड येतो, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. नोव्हेंबरमध्ये माहिती बंद लिफाफ्यातून सादर झाली. ‘हटवा’ या आदेशाजागी येथे ‘नाव सांगा’ असा आदेश आला. म्हणजे दीडशे वर्षांनी न्यायालय पुन्हा १८६७ च्या जागी आले. प्रतीचा पत्ता निरुपयोगी ठरला, तेव्हा प्रत काढणाऱ्याचा पत्ता मागावा लागला.

या मागणीचे स्वागत करताना समीक्षकाने फूकोंचे विधान विसरू नये. व्याख्यान चोरणाऱ्याचा मोबाइल क्रमांक ज्या दाराने बाहेर येतो, त्याच दाराने नावडते लिहिणाऱ्याचाही येऊ शकतो. शिक्षिकेची बाजू न्याय्य होती यात शंका नाही, आणि तरीही हे दार लहान असावे.

५

पत्त्याला प्रत समजण्याचा दुसरा परिणाम असा की, एका प्रतीसाठी सबंध इमारत पाडली जाते. मद्रास उच्च न्यायालयात २०१२ मध्ये एका तमिळ चित्रपटासाठी मिळालेल्या आदेशावरून इंटरनेट कंपन्यांनी अख्खी संकेतस्थळे बंद केली, आणि आदेश नेमक्या पत्त्यांपुरताच आहे असा खुलासा न्यायालयाला त्या जूनमध्ये करावा लागला. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्याच न्यायालयाच्या दोन हिंदी चित्रपटांविषयीच्या आदेशांखाली अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे अडवली गेली आणि त्यांत ‘इंटरनेट अर्काइव्ह’ही होते. ज्यांचे प्रताधिकार केव्हाच संपले आहेत अशी शेकडो जुनी मराठी पुस्तके जेथे सहज वाचता येतात, ते हे स्थळ. एका चित्रपटाच्या प्रतीपायी मराठीच्या अभ्यासकाचे ग्रंथालय काही काळ बंद झाले, आणि याची नोंद आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांनी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचे २०१६ चे आदेश, विशेषतः ‘ढिशूम’ या चित्रपटाबाबतचे, अधिक विवेकाचे आहेत. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी निर्मात्यांनी दिलेली यादी जशीच्या तशी स्वीकारली नाही. पत्त्यांची पडताळणी करायला लावली, बंदी निवडक पत्त्यांपुरती ठेवली, आणि अडवलेल्या पानावर कोणत्या आदेशाने ते अडवले आहे व दाद कोठे मागावी हे लिहावे, असे सांगितले. अडवलेल्या पानावर अडवणाऱ्याचा पत्ता छापण्याची ही सक्ती मला फार अर्थपूर्ण वाटते.

प्रत्येक प्रत चोरीची नसते, हेही न्यायालयांनीच सांगितले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध तीन विदेशी प्रकाशनसंस्थांनी लावलेला दावा सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला गेला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या छायाप्रतींचे वाचनसंच कायद्यात बसतात हे तत्त्व मान्य केले. मराठीच्या प्राध्यापकाला हा निर्णय जिव्हाळ्याचा आहे. एम. ए.च्या अभ्यासक्रमातील निम्मी पुस्तके दुकानात मिळत नाहीत. विद्यार्थी मोबाइलवर जी फाइल वाचतो तिची छापील प्रत विकत घ्यायला तो तयार असला, तरी विकायला कोणी तयार नसते. मोबाइलवरून फिरणाऱ्या मराठी पुस्तकांच्या याद्या पाहिल्या, तर साने गुरुजींचे पुस्तक, ज्याचा प्रताधिकार २०११ च्या आरंभी संपला, आणि गेल्या वर्षी प्रसिद्ध झालेली हयात लेखकाची कादंबरी शेजारीशेजारी दिसतात. पहिली प्रत वारसा आहे, दुसरी चोरी आहे, आणि यादी करणाऱ्याला हा भेद ठाऊकच नाही. दोन्ही त्याच्या मते ‘वाचनसंस्कृती’ची सेवा. या अज्ञानाला सालोमालोपण म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो कोणाचे नाव पुसत नाही. पण हयात लेखकाच्या पदरी पडते ते तेवढेच, नाव.

आणखी एक घटना नोंदवायला हवी. १८६७ चा कायदा आता राहिलेला नाही. नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आला आणि त्याने पुस्तकांना आपल्या कक्षेतून वगळले. वसाहतकालीन पाळतीचे एक साधन गेले, याचा आनंद मानायला हरकत नाही. त्याबरोबर ग्रंथांच्या तिमाही नोंदींची कल्पनाही कायद्यातून गेली.

तिची जागा नकळत दुसऱ्याच एका संग्रहाने घेतली आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या आश्रयाने चालणाऱ्या ‘ल्युमेन’ या संग्रहात, गूगलसारख्या कंपन्यांना येणाऱ्या मजकूर हटवण्याच्या नोटिसा जमा होतात. हे काम २००२ च्या सुमारास दुसऱ्या नावाने सुरू झाले. हटवलेल्या पत्त्यांची यादी हीच चोरट्या प्रतींची मार्गदर्शिका होईल, असा आक्षेप हक्कदारांनी घेतला, आणि आता तेथे पूर्ण पत्ते सरसकट दाखवले जात नाहीत. एकविसाव्या शतकातील मराठी पुस्तकांच्या प्रसाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पुढे या नोटिसांकडे जावे लागेल. १८६७ च्या नोंदीप्रमाणे त्यांत कृतीचे नाव आहे, हक्कदाराचे नाव आहे, तारीख आहे. आवृत्तीतील प्रतींची संख्या आणि किंमत हे दोन रकाने मात्र त्यांत नाहीत.